पेरूचं मूळ गाव

त्या महिन्यात डॉक्टरांचा ‘पोट आणि आपण’ हा लेख वेळेवर आला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आमच्या इमारतीत वीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांच्यासाठी एक चार पानी मासिक पत्रक निघतं. चिटणीस ते छापून आणतात आणि स्वतः वीस दारांच्या फटींतून आत सरकवतात. पहिल्या पानावर पाण्याच्या वेळा, दुसऱ्यावर अभिनंदन, तिसऱ्यावर डॉक्टर आणि चौथ्यावर पुन्हा पाण्याच्या वेळा, कारण छापून होईपर्यंत त्या बदललेल्या असतात. त्या महिन्यात डॉक्टरांचं स्वतःचंच पोट बिघडलं आणि तिसरं पान कोरं राहिलं. चिटणीस माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही जावक विभागात आहात, तुम्हाला लिहायची सवय आहे.

मी पाणीपुरवठा कार्यालयात जावक विभागात आहे हे खरं. एकोणीस वर्षं मी इतरांनी लिहिलेल्या पत्रांवर क्रमांक घालतो आहे. पण आपल्याला लिहिता येतं असा कुणाचा गैरसमज झालाच असेल, तर तो दूर करण्याइतका मी उद्धट नाही. मी म्हणालो, शब्दकोडं देतो.

शब्दकोडं सोडवण्यापेक्षा ते करणं सोपं, असं लोकांना वाटतं. सोडवणाऱ्याला फक्त उत्तर सापडत नसतं. करणाऱ्याला आडवे शब्द, उभे शब्द आणि काळे चौकोन या तिघांचं एकमेकांशी जमवून द्यावं लागतं, आणि त्यातला एक जण कायम रुसलेला असतो. त्यातून आपल्याकडे एका चौकोनात एक अक्षर, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्याला ऱ्हस्व ‘फु’ हवा आणि उभ्याला दीर्घ ‘फू’, की झालाच अपघात.

विषय मात्र आयता मिळाला. बायकोनं कुंडीतल्या मुंग्यांवर इलाज सापडेल म्हणून वाचनालयातून वनस्पतींवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. मुंग्यांचा त्यात उल्लेखही नव्हता, पण कुठली वनस्पती मूळची जगाच्या कुठल्या भागातली, हे पानोपानी होतं. चिंच आफ्रिकेची. झेंडू मेक्सिकोचा. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेची. कोरफड अरबस्तानातली. ज्यांना जन्मभर घरचे समजत आलो, ते सगळे पाहुणे निघाले. मी दोन रविवार खपून कोडं रचलं.

आता, मला साधं ‘मूळस्थान अमुक’ असं लिहिता आलं असतं. पण लेखक एकदा अंगात आला की माणूस सरळ लिहीत नाही. मिरचीसाठी मी लिहिलं, ‘अमेरिकेहून, पण कानामागून आली.’ पेरूसाठी लिहिलं, ‘खाल्ला तर फळ, गेलात तर देश, मूळ अमेरिका खंडातला.’ आणि सात उभे, चार अक्षरी, याला लिहिलं, ‘बाराही महिने फुलणारी, माहेर मादागास्कर.’ उत्तर सदाफुली. बायकोनं कच्चा कागद वाचला, ‘माहेर’ या शब्दावर बोट ठेवलं आणि हे असंच राहणार आहे का म्हणून विचारलं. मी म्हणालो, याला शैली म्हणतात. ती ‘बरं’ म्हणाली. नवऱ्यांनी या शब्दापुढे थांबून विचार करायला हवा, पण तो वेळीच केल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत एक सदाफुली आहे. लग्न झाल्यावर काकू ती माहेराहून तेलाच्या डब्यातून घेऊन आल्या, त्याला बत्तीस वर्षं झाली. डबे बदलले, झाड तेच. मीटर वाचायला येणाऱ्यापासून चुकून वरच्या मजल्यावर आलेल्या माणसापर्यंत सगळ्यांना काकू ते दाखवतात आणि सांगतात, ही आमच्या माहेरची. त्यामुळे पत्रक निघालं आणि साऱ्या इमारतीत सात उभे सगळ्यात आधी सुटलं. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटानं जिन्यातच काकूंना विचारलं, की माहेरी बोटीनं जाता की विमानानं, आणि विमानानं जात असाल तर प्रवासाचा विमा उतरवलाय का.

काकू संध्याकाळी आमच्याकडे आल्या. एरवी त्या लांबूनच हाक मारत आत येतात आणि मला ‘तू’ म्हणतात. त्या दिवशी त्यांनी बेल वाजवली.

“तुम्ही माझ्या वडिलांना पाहिलंय का?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“मग ते मादागास्करचे होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी पुस्तक काढून दाखवलं. हे वडिलांबद्दल नसून वनस्पतीबद्दल आहे, आणि वनस्पतीनंही याचा राग मानू नये, शेकडो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, असं समजावलं. काकू म्हणाल्या, ती वनस्पती त्यांच्या परसात त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली आहे, आणि हे पुस्तक लिहिणारा तेव्हा तिथे नव्हता. स्वयंपाकघरातून बायको चहा घेऊन आली. कप एकच होता, आणि तो काकूंचा होता. त्यावरून घरातलं मत कुठल्या बाजूला आहे हे मला समजलं.

पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यायचं ठरलं. काकूंनी मजकूर सांगितला आणि मी तो मान खाली घालून लिहून घेतला: सात उभे येथील वनस्पतीचे माहेर मादागास्कर नसून काकूंचे जे आहे तेच आहे. प्रकरण इथे मिटलं असतं. पण चिटणीस पडले न्यायी. एकाला शुद्धिपत्र दिलं तर सगळ्यांना द्यायला हवं, म्हणून त्यांनी जिन्यात सूचना लावली. दोन दिवसांत माझ्या दारात रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची कोरफड अरबस्तानातली नसून त्यांच्या थोरल्या मेहुण्यानं दिलेली होती. डॉक्टरांचा निवडुंग अमेरिकेतून आला नव्हता, दवाखान्याच्या उद्घाटनाला आला होता. विमा एजंटाकडे एकही झाड नव्हतं, पण सगळे देतायत म्हणून त्यानंही एक दुरुस्ती दिली. शुद्धिपत्र दीड पान झालं आणि डॉक्टरांचा लेख पुन्हा मागे पडला, ज्यामुळे डॉक्टरांशीही माझं बोलणं बंद झालं.

चिटणिसांची आणखी एक सवय सांगायला हवी. पत्रकाचा प्रत्येक अंक ते ‘माहितीसाठी सादर’ असं पत्र जोडून नगरपालिकेच्या सगळ्या खात्यांना पाठवतात. अकरा वर्षांत एकाही खात्यानं उत्तर दिलेलं नव्हतं. या वेळी उद्यान खात्याचं उत्तर आलं, आणि ते स्वतः चालत आलं. त्याच्या काखेत फाईल होती आणि हातात पांढऱ्या रंगाचा डबा.

हे उद्यान निरीक्षक. त्यांनी माझे दोन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, पहिल्या अंकात या इमारतीतल्या वनस्पती परदेशी आहेत आणि दुसऱ्यात स्थानिक. दोन जबाबांत तफावत आहे. मी म्हणालो, जबाब नाही, कोडं आहे. ते म्हणाले, तेच.

मग हळूहळू उलगडा झाला. खात्याचं नवं परिपत्रक निघालं होतं, की परदेशातून आणलेली झाडं काढून तिथे स्थानिक झाडं लावावीत. निरीक्षकांना अकरा झाडांचं उद्दिष्ट होतं आणि कशीबशी दहा सापडली होती. कुंडीतल्या वनस्पती नियमानुसार झाडं ठरत नाहीत, खोड निदान मनगटाएवढं हवं. त्यामुळे काकूंची सदाफुली सुटली. पण आवारात पेरूचं झाड होतं, आणि त्याचं खोड माझ्या दोन्ही मनगटांहून जाड होतं. पेरू परदेशी असल्याची निरीक्षकांना कल्पनासुद्धा नव्हती. ती मी लेखी दिली होती. त्यांनी माझे आभार मानले, आवारात जाऊन पेरूच्या खोडावर ब्रशनं ‘११’ असं लिहिलं आणि पंधरा दिवसांची नोटीस चिटणिसांच्या हातात ठेवली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

या झाडाखाली तळमजल्यावरचे आजोबा रोज चार ते सहा बसतात. वय ऐंशीच्या पुढे, बोलणं जवळजवळ नाही. झाड पाडणार हे कळल्यावर साऱ्या इमारतीनं मला काही ना काही ऐकवलं, फक्त आजोबांनी नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि आकडा दिसणार नाही अशी झाडाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. बाकीच्यांच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते त्यानं झालं. दोन दिवस मी चार ते सहा आवाराकडची खिडकी लावून घेतली.

सल्ले मात्र भरपूर आले. विमा एजंट म्हणाला, आकडा पुसून शेजारच्या इमारतीच्या झाडावर लिहावा. मास्तरांचं म्हणणं, कोड्यातला सगळा मजकूर काल्पनिक आहे असं मी लिहून द्यावं, म्हणजे मादागास्करसकट सगळे देश रद्द होतील. डॉक्टरांनी अबोला तात्पुरता मागे घेऊन झाडाच्या नावानं वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं. त्यात रुग्णाला महिनाभर सक्त विश्रांतीची गरज असून जागचं हलवू नये, असं म्हटलं होतं. मी रजा टाकली आणि ते घेऊन उद्यान खात्यात गेलो.

मी जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. बाहेरच्या बाजूनं खिडकी किती लहान दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. आतल्या लेखनिकानं हरकतीचा अर्ज दिला. पहिला रकाना, झाडाचं नाव. मी लिहिलं, पेरू. दुसरा रकाना, मूळ देश. मी विचारात पडलो. अमेरिका खंड हा काही देश नव्हे. पुस्तकानं मेक्सिकोपासून खाली बऱ्याच देशांची नावं दिली होती. त्यात पेरूही होता, आणि निदान तो लक्षात राहिला होता. मी लिहिलं, पेरू.

लेखनिकानं अर्ज परत सरकवला. दोन रकान्यांत एकच मजकूर चालत नाही, म्हणाला. मी सांगितलं की एक फळ आहे आणि एक देश. त्यानं विचारलं, यातलं फळ कुठलं. मी वरचं बोट दाखवलं. तो म्हणाला, साहेबांना ते कसं कळणार. मग खालच्या पेरूपुढे कंसात ‘देश’ लिहायचं ठरलं, पण त्यावर खाडाखोड झाली म्हणून नवा अर्ज. नव्या अर्जाच्या वेळी जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर दुसरा लेखनिक, आणि त्याला अख्खी गोष्ट पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी अर्ज स्वीकारला गेला, तेव्हा त्याखाली झाडाच्या पालकाची सही हवी असं निघालं. मी आजोबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, अर्ज पूर्ण वाचला आणि सही केली. नात्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

सुनावणी सकाळी अकराला होती. अधिकारी बाई टेबलामागे, बाजूला निरीक्षक, समोर आजोबा, मी आणि चिटणीस. चिटणिसांनी अकरा वर्षांचे अंक बांधून आणले होते, ते कुणी मागितले नाहीत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि काही न बोलता उशिरानं आलेल्या टपालात ठेवलं. मी पुस्तकातला उतारा वाचायला उभा राहिलो, तर निरीक्षक म्हणाले, यांच्या बोलण्यावर जाऊ नये, हे दर महिन्याला झाडांचे देश बदलतात. मी खाली बसलो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल इतकं वाईट कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मग बाईंनी आजोबांना विचारलं, “हे झाड कुणी लावलं?”

“लावलं नाही,” आजोबा म्हणाले. “बायकोनं बी खिडकीतून टाकली.”

एवढं एक वाक्य झाल्यावर ते थांबतील असं आम्हाला वाटलं, पण ते बोलत राहिले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बदली होऊन ती दोघं या गावात आली, त्या दुपारी खोलीत एका ट्रंकेशिवाय काही नव्हतं. वाटेत घेतलेले पेरू होते. ट्रंकेवर बसून खाल्ले. आजींची दाढ दुखत होती म्हणून त्या बिया चावत नव्हत्या, काढून खिडकीबाहेर टाकत होत्या. नव्या गावात त्यांचं मन लागेना.

“ती म्हणाली, इथे फार दिवस राहायचं नाही. मी म्हटलं, वर्षभरात परत बदली मागतो.” आजोबांनी चष्मा काढून हातात धरला. “मागितली होती. उत्तर अजून यायचंय.”

मी जावकेतला माणूस. पत्र बाहेर पडलं की त्यावर क्रमांक पडतो आणि आमचं काम संपतं. ते कुठे पोचतं, आणि न पोचलं तर कुणाचं काय होतं, हा रकाना आमच्या वहीत नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

निरीक्षकांनी विचारलं, बी टाकल्याला साक्षीदार कोण. आजोबा म्हणाले, तीच होती, आता ती नाही. बाईंनी परिपत्रक उघडलं आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली.

“यात ‘परदेशातून आणलेले झाड’ असं म्हटलंय,” त्या निरीक्षकांना म्हणाल्या. “हे आणलेलं नाही. हे टाकलेलं आहे.”

निरीक्षकांनी तोंड उघडलं, पण टाकलेल्या झाडांसाठी त्यांच्याकडे परिपत्रक नव्हतं. बाईंनी शेरा लिहिला, की सदर झाड चव्वेचाळीस वर्षं एकाच पत्त्यावर असल्यानं रहिवासी समजण्यात यावं, आणि तसा दाखला तिथल्या तिथे दिला. निरीक्षकांचं अकरावं झाड मात्र राहिलं. ते दोन दिवस हिंडले, आणि शेवटी त्यांनी आपल्याच कार्यालयाच्या बाहेरच्या खोलीतल्या प्लॅस्टिकच्या झाडावर आकडा घातला. ते परदेशी असल्याबद्दल वाद नव्हता, कुंडीच्या बुडाशी तसं छापलेलंच होतं.

आम्ही जिंकलो खरे, पण दाखला चिटणिसांच्या हातात पडला. झाड रहिवासी आहे म्हटल्यावर त्यांनी त्याचं नाव दारातल्या रहिवाशांच्या पाटीवर घातलं. त्यानंतरच्या वार्षिक सभेची सूचनाही खोडाला सुतळीनं बांधली. सभेपुढे एकच विषय होता, शब्दकोडं कायमचं बंद करणं. नोटिशीच्या दिवसांत लोकांनी तावातावानं अर्ज दिला होता, आणि झाड वाचलं म्हणून आलेला अर्ज मागे घ्यायची पद्धत चिटणिसांच्या नियमांत नाही.

दरम्यान मी आणखी एक कोडं दिलं होतं. वनस्पतींचंच, कारण पुस्तकाची मुदत संपायची होती. पण या खेपेला एकाही वनस्पतीचा देश, प्रदेश, माहेर, सासर, काही म्हणजे काही लिहिलं नव्हतं. वाचताना ते कोडं इतकं बापुडवाणं वाटत होतं की मलाच त्याची दया आली.

सभा पेरूखालीच भरली. वीस बिऱ्हाडांचे वीस जण आले, आणि झाड होतंच. विषय माझा असल्यानं मला मत नव्हतं. हात वर झाले. बंद करावं म्हणून नऊ, चालू ठेवावं म्हणून नऊ, त्यात आजोबा. चिटणिसांनी झाडाकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. वारा पडला होता, पान हललं नाही. चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं, पेरू तटस्थ.

उरल्या काकू. त्यांनी दोन्ही वेळा हात वर केला नव्हता. तीन महिन्यांत त्या माझ्याशी अक्षर बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे निकाल काय लागणार हे मी मनोमन स्वीकारलं, आणि चेहऱ्यावर एक उदार भाव आणून बसलो. काकूंनी पिशवीतून पत्रक काढलं. कोड्याचे सगळे चौकोन शाईनं भरलेले होते, काही दोनदा.

“बारा आडवं मला अडलंय,” त्या सभेला म्हणाल्या. “ते सुटल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही.” आणि त्यांनी हात वर केला. दहा विरुद्ध नऊ.

मी तरंगत घरी आलो आणि सहज बारा आडवं काढून बघितलं. ‘ओलसर भिंतीवर आपोआप उगवणारी (चार अक्षरी)’. दुसरं अक्षर ल, चौथं ती. उत्तर काय होतं ते आठवेना, म्हणून कच्ची वही उघडली. वहीत तिथे मी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘नंतर बघू’. नंतर मी बघितलंच नव्हतं. घरातले चारही शब्दकोश चाळले, वाचनालयाचं पुस्तक उलटंपालटं केलं. असा शब्दच नव्हता.

बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता वर जा आणि कबूल करा. मी तीन जिने चढलो, प्रत्येक जिन्यावर एकेक वाक्य तयार करत. काकूंनी दार उघडलं. कानामागे पेन्सिल होती आणि जमिनीवर कागद पसरलेले होते. मी “काकू, ते बारा आडवं” एवढंच म्हणालो, आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी काढते.”

मी तसाच खाली उतरलो. तीन आठवडे जिन्यात त्या भेटल्या की मी नजर चुकवत होतो. शेवटच्या आठवड्यात त्या लांबूनच हाक मारत आत आल्या आणि ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, ढोलमती. मी विचारलं, काय. त्या म्हणाल्या, बारा आडवं, ढोलमती, बारीक पानांची असते, मोरीमागच्या भिंतीवर येते, उपटली तरी पुन्हा येते. चारही अक्षरं चौकोनांत बिनचूक बसत होती. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा निर्विकार होता. बायकोनं चहाचे तीन कप मांडले.

पुढच्या अंकात मी उत्तर छापलं, आणि त्याखाली ‘बारा आडवे बरोबर सोडवणाऱ्या एकमेव वाचक’ म्हणून काकूंचा मजला. अंक वाटून परत जाताना चिटणीस माझ्या दारात थांबले. म्हणाले, हे नाव मला आधीच सुचलं होतं, पण लिहायचं राहून गेलं. गच्चीवरच्या टाकीमागे ढोलमती पुष्कळ आहे. यंदा मात्र म्हणावी तशी फुलली नाही.